गेम खेळताना लॅपटॉप तापतो? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. होळी झाली की फोन सुरू होतात ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. तक्रार एकच: गेम लावला की लॅपटॉप तव्यासारखा तापायलाय. दिवसातून दहा वेळा तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

नवा कोरा गेमिंग लॅपटॉप आहे, तरी तापायलाय. पीस खराब आला का?

बहुधा नाही. ॲडॉप्टर उलटा करून लेबल वाचा. १५०, १८०, मोठ्या लॅपटॉपला २३० वॅट असा आकडा दिसेल. गेम चालू असताना लॅपटॉप जी वीज ओढतो तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. पूर्वीचा १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, पेटलेला असताना त्याला बोट लावायची सोय नव्हती. तसा एक-दीड बल्ब वहीएवढ्या डब्यात बसवलाय, तर डबा तापणारच. स्क्रीनच्या बाजूची पट्टी चटका देईल इतकी गरम आणि तळहात टेकतो तिथं कोमट, असं असेल तर यंत्र नीट काम करतंय.

मग नेमकं किती तापलं की घाबरायचं?

हाताला काय लागतं त्यावर जाऊ नका, आकडा बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर.

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस असते, एएमडीची साधारण ९५ ते १०५. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली कार्डं साधारण ८७ च्या आसपास स्वतःला आवरतात. गेममध्ये प्रोसेसर ८० ते ९० आणि कार्ड ७५ ते ८२ असेल तर निवांत खेळा. प्रोसेसर सतत ९५ च्या वर चिकटून बसला असेल तर पुढचं वाचा. आकडा गेम सुरू करून वीस मिनिटांनी घ्या आणि त्या वेळी खोलीत किती तापमान होतं तेही शेजारी लिहा. खोलीच्या आकड्याशिवाय लॅपटॉपच्या आकड्याला अर्थ नाही.

सुरुवातीला गेम मस्त चालतो, पंधरा मिनिटांनी अडकायलाय. रॅम वाढवू का?

थांबा, पैसे खिशातच ठेवा. चिप मर्यादेला टेकली की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करते. चार गिगाहर्ट्‌झवर पळणारा प्रोसेसर अडीचवर येतो आणि तुमचे साठ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) पस्तीसवर. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. दुपारच्या उन्हात बैल जसा आपणच चाल मंद करतो, तसंच. गेम बंद करून दहा मिनिटं लॅपटॉप गार होऊ द्या आणि परत लावा. पुन्हा पंधरा मिनिटं छान चालला आणि मग अडकला, तर दुखणं उष्णतेचं आहे.

हिवाळ्यात कसलाच त्रास नव्हता. एप्रिलपासूनच का?

सगळ्या प्रश्नांचा बाप हाच.

लॅपटॉपमधला पंखा गार हवा तयार करत नाही. तो खोलीतली हवा आत ओढतो आणि तापलेल्या तांब्यावरून बाहेर फेकतो, एवढंच. म्हणजे खोलीतली हवा २० अंशांनी गरम झाली की चिपही साधारण तेवढीच वर चढते. डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत ७८ वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० च्या खोलीत ९८ ला जाणार, यात लॅपटॉपचा काही गुन्हा नाही.

लॅपटॉपसोबत येणारं माहितीपत्रक कुणी वाचत नाही. त्यात वापराचं तापमान छापलेलं असतं आणि बहुतेक कंपन्यांचा वरचा आकडा ३५ अंश असतो. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता तर पत्रा वरून भाजत असतो. ज्या हवेत हे यंत्र चालवायचंच नाही असं बनवणाऱ्यानं लिहून दिलंय, त्या हवेत आपण त्याच्याकडून सगळ्यात जड काम करून घेतोय.

म्हणून माझा सल्ला लोकांना आवडत नाही, पण तोच खरा आहे: आधी खोली आणि वेळ बदला, मग सेटिंग, मग साफसफाई, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. आपल्याकडं समुद्र लांब, त्यामुळं दिवस कितीही तापला तरी पहाटेपर्यंत हवा बरीच उतरते. पहाटे पाच ते आठ खेळून बघा. एकही रुपया न घालता दहा-बारा अंशांचा फरक पडेल. माडीवर राहत असाल तर खालच्या मजल्यावर उतरा. पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यापुरता पत्र्याला पांढरा चुना मारा, लॅपटॉपसोबत घरच्यांचंही भलं होईल.

कूलरसमोर ठेवला तर?

खोलीत कूलर असावाच, पण त्याच्या तोंडासमोर लॅपटॉप नको.

एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी ठाक असते. अशा हवेत कूलर खोली सात-आठ अंशांनी सहज उतरवतो, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोली नुसती दमट होते. लॅपटॉपला हा फरक लगेच कळतो. पण वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून बारीक तुषार उडतात. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतातच, तुमच्या कूलरच्या ताटीवर पांढरी खपली धरते तीच ही. हे थेंब पंख्यावाटे आत जातात आणि बोर्डवर पांढरे ठिपके सोडतात. शिवाय ओल आणि धूळ मिळून जाळीत चिखल होतो, तो नुसत्या हवेनं निघत नाही. कूलर एका भिंतीला, लॅपटॉप दुसऱ्या, मध्ये सात-आठ फूट अंतर.

जुलैत कूलरचा उपयोग नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही. आणि पाणीच नसेल तर बोलणंच खुंटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या साली गेमसाठी कूलर भरायचं नाव काढणाऱ्या पोराचं घरी काय झालं असतं, ते सांगायला नको.

फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवला तर? किंवा खाली ओला टॉवेल?

नाही. आणि नाही. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा लॅपटॉपला आतून फुटेल.

पलंगावर बसून खेळतो, त्यानं काय होतं?

हवा आत घ्यायची जाळी बहुतेक लॅपटॉपांना खालच्या बाजूनं असते. गादी किंवा वाकळ ती पूर्ण बंद करते. म्हणजे नाक दाबून पळायला लावल्यासारखं झालं. टेबल नसेल तर जेवायचा पाट घ्या आणि मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटलीची एकेक टोपणं सरकवा. बोटभर फट झाली तरी तीन-चार अंश उतरतात. शहाबादी फरशी गार असते म्हणून थेट फरशीवर ठेवणारेही येतात. गारवा बरा, पण केर आणि धूळही तिथंच असते, आणि पंखा ती झाडूसारखी आत ओढतो.

कूलिंग पॅड घ्यावा का?

हजार-दीड हजाराच्या पॅडमध्ये निळे दिवे जास्त आणि हवा कमी असते. त्याचा खरा फायदा लॅपटॉप उचलला जाण्याचा, आणि ते काम वरची टोपणं फुकट करतात. चारी बाजूंनी फोम लावून हवा थेट जाळीत कोंबणारे महाग पॅड असतात, त्यांनी चांगला फरक पडतो. पण आवाज एवढा की शेजारी पिठाची गिरणी चालू झाली असं वाटतं.

वर्षातून किती वेळा साफ करायचा?

पुण्या-मुंबईचा माणूस वर्षातून एकदा म्हणेल. आपल्याकडं दोनदा: एकदा दिवाळीनंतर, एकदा होळीच्या आधी. सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावभर भुसा उडतो, त्यामागोमाग कापूस. जिनिंगजवळ किंवा रस्त्याच्या कामाजवळ घर असेल तर तिसऱ्यांदाही.

मागच्या वर्षी मानवतकडचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. जिनिंगच्या मागच्याच गल्लीत घर. दुसऱ्या एका दुकानानं त्याला मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं होतं. मी खालचं झाकण काढलं तर पंखे वरून स्वच्छ दिसले. सगळे इथंच फसतात. कचरा पंख्यावर नसतोच. पंखा आणि त्याच्यापुढची तांब्याची बारीक जाळी यांच्यामध्ये एक फट असते, तिथं तो साचतो. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलला आणि चिमट्यानं टोक धरून ओढलं, तर जाळीच्या मापाची राखाडी पट्टी अखंड बाहेर आली. कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ दाबून बसलेली, अगदी नमद्यासारखी. पोरगा बघतच राहिला. म्हणाला, "सर, याची तर वात वळता येईल." चिपवरची थर्मल पेस्ट बदलली, झाकण लावलं. त्याच खोलीत, त्याच गेममध्ये ९९ चा आकडा ८५ वर आला. मदरबोर्ड अजून तोच आहे.

घरी साफ करता येईल का?

स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची सवय असेल तर येईल. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून झाकण उघडलेलं चालतं का ते विचारा.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रू लहान-मोठे असतात. एका कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डला भोक पडतं. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवायची, मग बाकीचं. पंख्याची पाती बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा आणि मगच हवा मारा. मोकळा पंखा ब्लोअरच्या हवेनं वाटेल तसा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. मऊ रंगाचा ब्रश चांगला. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आतल्या भागांना टेकवू नका, स्थिर विजेची ठिणगी उडू शकते.

झाकण न उघडता बाहेरून हवा मारणाऱ्यांना एकच सांगतो: ती नमद्याची पट्टी फक्त आत सरकते आणि आठवड्यात परत जाग्यावर येऊन बसते.

थर्मल पेस्ट म्हणजे काय? दर वर्षी बदलायची का?

चिप आणि तिच्यावरचा तांब्याचा पत्रा दोन्ही दिसायला गुळगुळीत, पण मध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटीत हवा, जी उष्णता नेण्याच्या कामी अगदीच नालायक. त्या फटी भरायला पेस्ट. पुढं तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. त्या भरीव नाहीत. आत निर्वात पोकळीत थोडंसं पाणी असतं, ते चिपकडच्या टोकाला उकळून वाफ होतं, पंख्याकडच्या टोकाला निवून परत येतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्याच घराण्यातली ही युक्ती.

पेस्ट दोन-तीन वर्षांनी वाळते किंवा कडेला सरकते. दर वर्षी उघडायची गरज नाही. बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसा, नवी चिपवर पातळ आणि सगळीकडं पोचेल अशी पसरवा. पत्र्याच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमानं थोडं थोडं आवळा. शेजारच्या मेमरी चिपांवर मऊ रबरासारखे थर्मल पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे आणा. जाड पॅड लावला की पत्रा चिपवर टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. असे आमच्याकडं दुरुस्तीवर दुरुस्तीसाठी आलेले लॅपटॉप बरेच असतात.

पेस्टऐवजी टूथपेस्ट लावणारे व्हिडिओ बघून कुणी येतं, तेव्हा मी चहा मागवतो. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू, मात्र गमतीचं काम नाही. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. तुमच्या लॅपटॉपला कंपनीनंच ते लावलेलं असेल तर पत्रा उचलू नका.

पैसे न घालता सेटिंगमधून काही होतं का?

भरपूर होतं, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

पहिलं, एफपीएसला वेसण घाला. तुमची स्क्रीन सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारी, म्हणजे १४४ हर्ट्‌झची असेल आणि गेमला मोकळं सोडलं तर कार्ड २०० फ्रेम काढत बसतं, त्यातल्या पन्नासच्या वर तुम्हाला दिसतही नाहीत. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये हे हमखास होतं. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या मॅक्स फ्रेम रेटमध्ये ६० किंवा ९० टाका. कार्डाचा भार तिथल्या तिथं उतरतो. गेमचा मेनू उघडा ठेवून जेवायला जाणाऱ्यांनी तर हे आधी करावं, काही गेमचे मेनूच गेमपेक्षा जास्त तापवतात.

दुसरं, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा जास्तीचा वेग, बंद. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. तिथं मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं ते ९९ करा. एका टक्क्यानं काय होतंय, असं वाटेल. पण त्या एका टक्क्यानं प्रोसेसरचा टर्बो वेगच बंद होतो. प्रोसेसर पंधरा-वीस अंशांनी उतरलेला मी कित्येकदा पाहिलाय. ज्या गेमचा भार ग्राफिक्स कार्डावर असतो त्यात फ्रेम फारशा जात नाहीत, प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये जातात. मे महिन्यापुरतं ठेवा, पाऊस पडला की परत १०० करा. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही, तिथं कंपनीच्या ॲपमध्ये टर्बो मोडवरून बॅलन्स्डवर या.

तिसरं, गेममधल्या सावल्यांची आणि रे ट्रेसिंगची (खऱ्यासारखा प्रकाश दाखवायची) सेटिंग एक पायरी खाली.

अंडरव्होल्ट करू का?

चिपला लागते त्यापेक्षा थोडं जास्त व्होल्टेज कारखान्यातूनच दिलेलं असतं. ते कमी केलं की वेग तोच राहून ताप कमी होतो. इंटेलसाठी थ्रॉटलस्टॉप हे सॉफ्टवेअर, ग्राफिक्ससाठी आफ्टरबर्नर. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली, तेव्हापासून बऱ्याच लॅपटॉपांत इंटेलचा हा मार्ग बायोसमधूनच (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद केलेला असतो. चालू असेल तर ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करा. गेम आपटला किंवा निळी स्क्रीन आली तर एक पाऊल मागं या.

चार्जर लावून खेळावं की काढून?

लावूनच. बॅटरीवर वेग निम्म्यावर येतो आणि तासाभरात ती संपते. पण उन्हाळ्यात तापलेली बॅटरी १०० टक्के भरलेली ठेवणं तिच्यासाठी वाईट, म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये चार्जची मर्यादा ६० किंवा ८० वर ठेवा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्या दुपारी ती नुसती पडून असली तरी तिथपर्यंत पोचत आलेली असते.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसंना.

खेळणं आत्ता थांबवा. बॅटरी फुगलीय. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. बंद करून तसाच दुरुस्तीला आणा.

आमच्याकडं लाइट सारखी जाते, व्होल्टेजही कमी असतं. त्यानं तापतो का?

व्होल्टेज कमी असल्यानं लॅपटॉप तापत नाही. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो आणि स्वतः तापतो. त्याला उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा, चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ॲडॉप्टर गुणगुणायला लागतो. आणि लाइट गेली म्हणजे कूलरही गेला, हे लक्षात ठेवा. तेव्हा गेम सेव्ह करून अंगणात बसलेलं बरं.

बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. हे तापण्यामुळंच का?

याचा उष्णतेशी संबंध नाही. घरात अर्थिंग नाही किंवा तीन पिनांच्या ॲडॉप्टरला तुम्ही दोन पिनांचा जुगाड लावलाय. वायरमनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायचं राहून गेलं तरी असं होतं.

नवा घ्यायचाय, काय बघू?

कार्डाचं नाव ऐकून भाळू नका. लॅपटॉपमधलं एकच आरटीएक्स ४०५० कुठं ३५ वॅटवर चालतं तर कुठं ११५ वर. वॅट विचारा. दोन पंखे, मागच्या बाजूनं बाहेर पडणारी हवा (उजव्या कुशीतून पडली तर माऊसचा हात भाजतो) आणि थोडा जाड, वजनदार डबा. पातळ लॅपटॉप दिसायला छान असतो, पण उन्हाळ्यात माझ्या टेबलावर तोच जास्त येतो.

"यापेक्षा गेमच बंद करायला सांगा ना त्याला!"

हा प्रश्न दर आठवड्याला कुणाची तरी आई विचारते, पोरगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. ताई, तोच लॅपटॉप व्हिडिओ एडिटिंगला किंवा कॉलेजच्या थ्रीडी ड्रॉइंगला लावला तरी इतकाच तापणार आहे. चिप सहसा तापून मरत नाही, ती वेग कमी करते आणि फारच झालं तर लॅपटॉप बंद पाडते. झिजतात त्या बॅटरी आणि पंखे, आणि दोन्ही बदलता येतात. किती वेळ खेळायचं ते तुम्ही दोघं ठरवा, दुपारी बारा ते पाच मात्र बंद ठेवा एवढं मी सांगतो. बहुतेक वेळा एवढ्यावर दोघंही राजी होतात.

दुकानात आणताना काय सांगायचं?

कोणता गेम, किती वेळानं काय होतं, शेवटचं कधी उघडला होता, आणि वर सांगितलेले दोन आकडे: लॅपटॉपचा आणि खोलीचा. चार्जर सोबत आणा. निम्मे लोक तो घरी विसरतात आणि परत दुसऱ्या दिवशी यावं लागतं.